गोंगाट की संगत? : लेड झेपेलिनचा एक अभ्यास

या लेखाचा आरंभ एका चुकीच्या कबुलीने करावा लागत आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या निवड समितीवर मी होतो. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील चार मुलांनी लेड झेपेलिन या इंग्रज वाद्यवृंदाची दोन गाणी बसवली होती. मी त्यांचा अर्ज वाचला, त्यातले ‘हार्ड रॉक’ हे शब्द पाहिले, समासात ‘गोंगाट. नको.’ असा शेरा मारला आणि कागद पुढे सरकवला. मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक. पण लहानपणी शहापुरात सहा वर्षे तबला शिकलेला. त्यामुळे समितीत संगीताच्या बाबतीत माझा शब्द प्रमाण मानण्याची पद्धत पडली आहे. कार्यक्रम रद्द झाला.

दुसऱ्या दिवशी त्या चौघांपैकी ड्रम वाजवणारा मुलगा प्रयोगशाळेत आला. भांडायला आला असेल अशी माझी अटकळ होती. त्याने एकच विचारले, “सर, तुम्ही ते ऐकलाय काय ओ?”

मी ऐकले नव्हते. हे उत्तर देताना मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. न केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष लिहून आणणाऱ्या विद्यार्थ्याची वही मी आजवर कितीदा परत केली असेल, आणि येथे मीच तसा निष्कर्ष लिहून, सही करून मोकळा झालो होतो!

त्याने आपला मोबाइल सोनोमीटरच्या लाकडी पेटीवर ठेवला (त्यामुळे आवाज बरा घुमला) आणि ‘कश्मीर’ नावाचे गाणे लावले. जुन्या सवयीने मी बोटांवर मात्रा मोजू लागलो. चार-चार असे मोजले तर गिटार हातातून निसटते, तीन-तीन मोजले तर ड्रम निसटतो. सम कुठे आहे हे मला सापडेना. सहा वर्षे तबला शिकलेल्या माणसाला साडेआठ मिनिटांच्या गाण्यात सम सापडू नये याचा मला राग आला. माझी चलबिचल त्या मुलाच्या ध्यानात आली असावी. आपल्या गुडघ्यावर थाप मारत तो हळूच म्हणाला, “सर, ड्रम चारात हाय, गिटार तीनात. बारावर भेटतात.”

प्रस्तुत लेख त्या एका वाक्यातून निघाला आहे. पुढची सबंध उन्हाळ्याची सुट्टी मी या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका ऐकण्यात घालवली. १९८० साली संपलेला हा वाद्यवृंद २००४ साली जन्मलेल्या मुलाला आपला का वाटावा, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. स्मरणरंजन हे उत्तर माझ्या वयाच्या माणसाबाबत चालेल, त्या मुलाबाबत नाही.

प्रथम थोडी माहिती. १९६८ च्या उन्हाळ्यात लंडनमधील ‘यार्डबर्ड्स’ हा वाद्यवृंद फुटला आणि त्याचा गिटारवादक जिमी पेज एकटा उरला. स्कॅन्डिनेव्हियातले कार्यक्रम आधीच ठरलेले होते, ते पुरे करण्यासाठी त्याला माणसे हवी होती. जॉन पॉल जोन्स हा बासगिटार व कीबोर्ड वाजवणारा; पेजप्रमाणेच तोही लंडनच्या स्टुडिओंतून दुसऱ्यांच्या गाण्यांना रोजंदारीवर साथ करून तयार झालेला. गायक रॉबर्ट प्लँट आणि ड्रमवादक जॉन बॉनम हे दोघे बर्मिंगहॅमच्या आसपासच्या कारखान्यांच्या मुलखातले, वीस वर्षांचे. ऑगस्ट महिन्यात लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवरील एका तळघरात हे चौघे प्रथम एकत्र वाजवायला बसले. सप्टेंबरात डेन्मार्कमध्ये पहिला कार्यक्रम झाला, आणि ऑक्टोबरात पहिली तबकडी सुमारे छत्तीस तासांच्या स्टुडिओकामात मुद्रित होऊन तयार झाली. खर्च १,७८२ पौंड. आणि तो कोणा कंपनीने नव्हे, पेज व व्यवस्थापक पीटर ग्रँट यांनी पदरचा केला. जानेवारी १९६९ मध्ये ती अमेरिकेत बाजारात आली. ‘शिशाचे विमान’ अशा अर्थाचे नाव हे एका थट्टेतून आलेले: हा वाद्यवृंद शिशाच्या फुग्यासारखा आपटेल, असे कोणी म्हटले होते.

तो आपटला नाही. १९६९ ते १९७९ या काळात त्यांच्या आठ तबकड्या निघाल्या. चौथीच्या वेष्टनावर, नोव्हेंबर १९७१ मध्ये, त्यांनी ना स्वतःचे नाव छापले ना तबकडीचे. व्यापारी लोकांनी डोक्याला हात लावला असणार. ती बिननावाची तबकडी एकट्या अमेरिकेत दोन कोटींहून अधिक खपल्याची नोंद आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हार्ड रॉक म्हणजे विजेच्या गिटारींचा कल्लोळ आणि वर किंचाळणे, अशी आपल्याकडच्या शास्त्रीय संगीतप्रेमी माणसाची समजूत असते. माझीही होती. या संगीतात आवाज मोठा असतो हे खरेच आहे, त्याबद्दल सारवासारव करण्यात अर्थ नाही. परंतु मोठा आवाज काढणारे वाद्यवृंद त्या काळात शेकड्यांनी होते आणि त्यांतले बहुतेक आज कोणाच्या स्मरणातही नाहीत. तेव्हा टिकण्याचे कारण मोठ्या आवाजात शोधणे व्यर्थ आहे. ते कारण, माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे, आपण ज्याला ‘संगत’ म्हणतो त्यात आहे.

रॉकमध्ये ‘रिफ’ म्हणून एक चीज असते: गिटारीवरची चार-दोन सुरांची लहानशी ओळ, पुनःपुन्हा येणारी. आपल्या एकल तबलावादनात पेटीवर किंवा सारंगीवर जो लेहरा चालू असतो, त्याची येथे आठवण व्हावी. लेहरा धरणारा एकच ओळ अर्धा तास वाजवतो. तो दोरी धरून उभा असतो, म्हणून तबलजीला आवर्तनाबाहेर झेप घेऊन समेवर उतरता येते. ‘कश्मीर’मध्ये दोरी कोणी धरली आहे? बॉनमचा ठेका चार मात्रांचा, अगदी साधा, त्यात कलाकुसर म्हणून नाही. त्यावर पेजच्या गिटारीची ओळ तीन-तीनच्या गटांनी चालते. तीन आणि चार यांचा लघुतम साधारण विभाज्य बारा. म्हणजे गिटारीचे चार गट आणि ठेक्याची तीन आवर्तने झाली की दोघे एका जागी येतात, क्षणभर भेटतात आणि पुन्हा वेगळे होतात. ऐकणाऱ्याला हे गणित कळत नाही; त्याला एवढेच वाटते की काहीतरी प्रचंड वस्तू झुलत, पण न कलंडता पुढे येते आहे. हत्तीची अंबारी म्हणा. मात्र यासाठी एक अट आहे. ड्रमवाल्याने गिटारीच्या मागे धावायचे नाही. बॉनम धावत नाही. तो आपल्या चारात इतका निश्चिंत बसलेला असतो की दुसऱ्याला तीनात भटकता येते.

मी हे कन्नड विभागातील माझ्या सहकाऱ्यांना ऐकवले, तेव्हा ते म्हणाले की यातला ड्रम ऐकून त्यांना डोळ्ळु कुणिताची आठवण होते. मला आपल्या ढोलाची झाली होती. पाश्चात्त्य लोकांना काय आठवते कोण जाणे.

‘कश्मीर’संबंधी आणखी दोन गोष्टी येथेच सांगून टाकतो. एक, या चौघांपैकी कोणीही तोवर काश्मीर पाहिलेले नव्हते. दक्षिण मोरोक्कोच्या वैराण वाटेने मोटारीतून जाताना प्लँटला १९७३ साली हे शब्द सुचले. नावावरून कोणी देशाभिमानाने फुगू नये. दुसरी गोष्ट गिटार लावण्याची. सर्वसाधारण पद्धत सोडून पेजने सहाही तारा अशा जुळवल्या की ‘डी’ स्वराला षड्ज मानले तर खालून वर सा, प, सा, म, प, सा असे स्वर मिळतात. तंबोरा जुळवलेल्या कोणाही माणसाला हे पाहून ओळख पटल्यासारखे होईल. षड्ज खाली अखंड घुमत राहतो आणि त्यावर ओळ पंचमापासून कोमल धैवत, शुद्ध धैवत, कोमल निषाद अशी एकेक पायरी चढते. दोन्ही धैवत लागोपाठ! कोणा बुजुर्गाने ऐकले तर कान पकडील. पण खाली षड्ज भक्कम असल्यामुळे ते खपून जाते. ही जुळणी पेजने भारतातून घेतली असे मी म्हणत नाही. ती इंग्लंडमधल्या लोकसंगीताच्या गिटारवादकांत आधीपासून चालत आली होती. मात्र आपल्या संगीताचे त्याला कुतूहल होते यात शंका नाही. १९७२ साली पेज आणि प्लँट मुंबईत आले, तेथल्या वादकांना जमवून त्यांनी आपली ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी नव्याने मुद्रित केली. ती मुद्रणे त्रेचाळीस वर्षे पेटीत पडून होती. २०१५ मध्ये ‘कोडा’ या तबकडीच्या नव्या आवृत्तीबरोबर ती प्रसिद्ध झाली. मी ती ऐकली. फार उंचीची आहेत असे मला वाटले नाही. दोन्ही बाजू एकमेकांशी अदबीने वागत आहेत एवढेच जाणवते, आणि अदबीने संगत होत नाही.

‘स्टेअरवे टू हेवन’ या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आटोपतो. आठ मिनिटांचे हे गाणे तारेच्या गिटारीच्या एकाकी छेडण्याने आणि जोन्सने वाजवलेल्या लाकडी बासरीसारख्या वाद्याने सुरू होते. अर्धे गाणे उलटून जाते तेव्हा कुठे ड्रम येतो. नंतर लय चढत जाते आणि शेवट द्रुत. विलंबितातून द्रुताकडे जाण्याची ही चाल आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे, म्हणून आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण पेज ज्या स्टुडिओंत घडला तेथे मध्येच लय वाढणे हा साथीदाराचा दोष मानला जाई. तो दोष त्याने जाणूनबुजून गाण्याचा पायाच केला. तीन मिनिटांच्या गाण्यांच्या बाजारात त्यांनी हे आठ मिनिटांचे गाणे स्वतंत्र छोटी तबकडी म्हणून विकायला काढलेच नाही. ज्याला ऐकायचे त्याने सबंध तबकडी घ्यावी, असा त्यांचा खाक्या!

मला स्वतःला, पदार्थविज्ञानाचा माणूस म्हणून, ज्या गाण्याने सर्वांत जास्त गुंतवले ते दुसरेच. त्या चौघा मुलांच्या अर्जावरचे दुसरे गाणेही तेच होते: ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, म्हणजे ‘बांध फुटतो तेव्हा’.

हॅम्पशायर परगण्यात हेडली ग्रेंज नावाची एक जुनी इमारत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती निराधारांसाठी बांधली गेली. १९७०-७१ च्या हिवाळ्यात हे चौघे तेथे मुक्कामाला गेले. बाहेर एका मोटारीत मुद्रणयंत्रे ठेवलेली. बॉनमचे ड्रम दिवाणखान्यात तीन मजली जिन्याच्या तळाशी मांडले होते. त्या काळची रीत अशी की प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी एकेक मायक्रोफोन ठेवायचा. येथे ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स याने दोनच मायक्रोफोन घेतले आणि ते वर जिन्याच्या कठड्यावरून खाली लोंबकळत सोडले. ड्रमच्या जवळ एकही नाही.

याचा परिणाम काय होतो पाहा. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समजा छत आठ मीटर उंच आहे. तर ठोक्याचा ध्वनी छतावर आपटून खाली यायला १६ भागिले ३४०, म्हणजे ४७ सहस्रांश सेकंद लागतात. एवढ्या थोडक्या अंतराने आलेला ध्वनी कान सहसा निराळा प्रतिध्वनी म्हणून धरत नाही, तो मूळ ठोक्यालाच चिकटतो आणि ठोका जाड होतो, लांबतो. शिवाय भिंतींवरून, पायऱ्यांवरून परतणारे ध्वनी निरनिराळ्या अंतरांनी येऊन मिळतात. जवळ ठेवलेल्या मायक्रोफोनला फक्त ड्रम ऐकू येतो. लांब टांगलेल्याला ड्रम आणि घर दोन्ही ऐकू येतात. जॉन्सने त्यात प्रतिध्वनीचे एक यंत्र जोडले आणि मुद्रित झालेली फीत किंचित मंद गतीने चालवली, त्यामुळे सगळेच अधिक खोल आणि जड झाले. आजही हा ठोका लोक उचलून आपल्या गाण्यांत वापरतात. १९८६ साली न्यूयॉर्कच्या ‘बीस्टी बॉइज’ यांनी आपल्या पहिल्या तबकडीचा आरंभच त्याने केला. सव्वीस इंच व्यासाचा पायाने वाजवायचा ड्रम, एक रिकामा जिना आणि घाई न करणारा माणूस: साधनसामग्री एवढीच.

गाण्याचा विषय पुराचा आहे. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, बांध फुटले, लाखो लोक बेघर झाले आणि त्यांत काळ्या शेतमजुरांचे हाल सर्वांत अधिक झाले. त्यावर कॅन्सस जो मॅककॉय आणि मेम्फिस मिनी या कृष्णवर्णीय दांपत्याने १९२९ साली हे गाणे गायिले. मूळ गाणे दोन गिटारींवरचे, चपळ. झेपेलिनने त्याची लय इतकी ओढून धरली की नदीच अंगावर येते आहे असे वाटावे.

त्या ड्रमवाल्या मुलाला मी सहज विचारले की इतकी गाणी असताना हेच का निवडले. तो चिकोडी तालुक्यातला, कृष्णाकाठचा. ऑगस्ट २०१९ मध्ये तो शाळेत होता. “आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, सर,” एवढेच तो म्हणाला आणि मोबाइल खिशात घालू लागला. ज्या अर्जावर मी ‘गोंगाट’ असे लिहिले होते, त्यात हे होते.

आता दुसरी बाजू. या वाद्यवृंदाचे गुणगान करणारे पुष्कळ आहेत, पण हिशेब तपासल्याशिवाय अभ्यास पुरा होत नाही. लेड झेपेलिनने अमेरिकेतील कृष्णवर्णीय ब्लूज गायकांकडून भरभरून घेतले आणि अनेकदा त्यांची नावे लिहायला ते सोयीस्कर विसरले. बांधाच्या गाण्यावर त्यांनी मेम्फिस मिनीचे नाव घातले, हे खरे. पण ‘होल लॉटा लव्ह’ या गाण्यातले शब्द विली डिक्सनच्या, १९६२ साली मडी वॉटर्सने गायिलेल्या गाण्यावरून आले होते आणि तबकडीवर नावे मात्र या चौघांचीच होती. डिक्सनला १९८५ साली न्यायालयात जावे लागले. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि नंतर त्याचे नाव आले. हाउलिन वुल्फच्या गाण्याबाबतही तसेच घडले. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे जेक होम्सचे १९६७ चे गाणे; त्याने २०१० मध्ये दावा केला. ‘स्टेअरवे’बद्दलचा दावा मात्र टिकला नाही: ‘स्पिरिट’ या वाद्यवृंदाच्या १९६८ च्या ‘टॉरस’ या वाद्यरचनेवरून ते उचलले असा आरोप होता, पण २०१६ मध्ये ज्यूरीने आणि मार्च २०२० मध्ये अपिलात न्यायालयाने निकाल पेज-प्लँट यांच्या बाजूने दिला.

काहीजण यावर म्हणतात की लोकसंगीतात घेणे-देणे चालायचेच. आपल्याकडे बंदिशी कोणाच्या, हे कोण विचारतो? मला हा युक्तिवाद पटत नाही. आपला गवई गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. पदरी एक पै नसली तरी हे ऋण तो चारचौघांत बोलून दाखवतो. येथे पैही मोठी होती आणि नावही गाळले. संगीत थोर असल्यामुळे हा दोष लहान होत नाही. तसेच दौऱ्यांवरचे त्यांचे वर्तन. १९७७ साली अमेरिकेत ओकलंड येथे कार्यक्रमाच्या वेळी पडद्यामागे संयोजकाच्या माणसाला बेदम मारहाण झाली. बॉनम, ग्रँट व आणखी दोघांवर खटला झाला आणि त्यांनी आरोप लढवले नाहीत. पोस्टर भिंतीवर लावणाऱ्या मुलांना हेही ठाऊक असावे.

ओकलंडनंतर तीनच दिवसांत प्लँटचा पाच वर्षांचा मुलगा आजाराने गेला. दौरा तेथेच थांबला आणि हा वाद्यवृंद पुन्हा अमेरिकेत वाजवायला म्हणून गेला नाही. २५ सप्टेंबर १९८० रोजी, नव्या दौऱ्याच्या तालमी सुरू असताना, बेसुमार दारू प्यायलेला बॉनम पेजच्या घरी झोपेतच मरण पावला. त्याचे वय ३२.

आणि आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. ड्रमवादक मेला म्हणून वाद्यवृंद बंद पडत नाही, दुसरा आणतात. जगात चांगल्या ड्रमवादकांची वाण नव्हती, तिकिटे विकली गेली असती, कंपनी खूश झाली असती. ४ डिसेंबर १९८० रोजी उरलेल्या तिघांनी निवेदन काढून काम थांबवले. हा केवळ भावनेचा निर्णय होता असे मी आधी समजत होतो. नंतर १३ जुलै १९८५ चा फिलाडेल्फियाचा ‘लाइव्ह एड’ कार्यक्रम पाहिला. तिघे पुन्हा एकत्र आलेले, ड्रमवर टोनी थॉम्पसन आणि फिल कॉलिन्स असे दोघे नामांकित वादक. दोघेही आपापल्या जागी श्रेष्ठ. पण तालीम नाही, एकमेकांचे ऐकणे नाही. पेजची गिटार नीट लागलेली नाही, प्लँटचा गळा बसलेला. सूर चुकणे एकवेळ क्षम्य असते. पण तेथे कोणी दोरीच धरलेली नव्हती. तो कार्यक्रम पुढे चित्रफितीच्या संचात घ्यायला त्यांनी स्वतःच नकार दिला. संगत ही माणसांची असते, जागेवर माणूस बसवला म्हणून ती होत नाही, हे त्यांना १९८० मध्येच कळले होते.

१० डिसेंबर २००७ रोजी लंडनला ते एका रात्रीपुरते पुन्हा वाजवायला उभे राहिले. सुमारे वीस हजार जागा. तिकिटांसाठी दोन कोटी अर्ज आल्याची नोंद झाली. त्या रात्री ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन होता, बापाच्या हाताखाली लहानपणापासून काठ्या धरायला शिकलेला. आणि तालमी आठवडेच्या आठवडे झालेल्या. तो कार्यक्रम ऐकण्यासारखा आहे. मात्र पुढचा दौरा प्लँटने नाकारला. तो तेव्हा ॲलिसन क्रॉस या अमेरिकन गायिकेबरोबर अगदी मऊ आवाजातली गाणी गात होता. किती पैसा सोडला असेल त्याचा हिशेब वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी करावा.

त्या चौघा मुलांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. पुढच्या वर्षीच्या संमेलनासाठी त्यांनी पुन्हा अर्ज केला आणि या वेळी मी शेरा न लिहिता तालमीला गेलो. तालीम एका बंद वर्गात चाले; पत्र्याच्या छताखाली ड्रम कडकड वाजे, जाडी येत नसे. मुख्य इमारतीच्या जिन्याखाली मांडू या, असे मीच सुचवले. रविवारी सकाळी शिपायाने कुरकुरत दार उघडले. दोऱ्याला वजन बांधून वरून सोडले आणि मोजले: तळापासून छतापर्यंत आठ मीटरांना बोटभर कमी. ध्वनिक्षेपकवाल्याकडून आणलेले दोन मायक्रोफोन मी दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून खाली सोडले आणि वायर हातात धरून उभा राहिलो.

“सर, लय किती ठेवू?” त्याने खालून विचारले.

“पाणी चढतं तेवढी,” मी म्हणालो.

त्याने पहिला ठोका मारला. माळ्यावरची पारवी भरकन उडून खिडकीतून बाहेर गेली, आणि ठोका वर येऊन, छताला लागून, माझ्या शेजारून खाली गेला.